घोरपडीचा पत्ता

‘‘तुझ्या गेममधला राक्षस फार घाईत असतो रे,’’ घोरपड म्हणाली. ‘‘त्याला कुठं बस पकडायचीय का?’’

मी हसलो. हेडफोनमध्ये तिच्या आवाजामागं नेहमीची घरघर चालू होती. तिच्या घराखाली पिठाची गिरणी होती. दोन वर्षं मी ती घरघर ऐकत आलो होतो, पण ती गिरणी कुठल्या गावात आहे हे मला माहीत नव्हतं. तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. खेळताना ती घोरपड होती आणि मी फुरसं. एकदा धरलं की ती सोडत नाही म्हणून ती घोरपड. मी झटक्यात चावा घेऊन पळतो म्हणून फुरसं. नावं तिनंच ठेवली होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. चिपळूणला मामाच्या औषधांच्या दुकानात बसायचो. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा दुकानामागच्या मामाच्या घरात, माझ्या खोलीत कॉम्प्युटर लावून खेळायचो. माझा गेम अ‍ॅशफँग, तिचा ग्रिमहॉर्न. दोन्हींत राक्षसांची शिकार करायची, पण सारखेपणा तिथंच संपायचा. ग्रिमहॉर्नमध्ये एका राक्षसामागं पाऊण-पाऊण तास जायचा. त्याचे ठसे शोधायचे, शेण तपासायचं, निघण्यापूर्वी जेवायचं, मध्येच थांबून सुरीला धार लावायची. दमला की तो लंगडत आपल्या गुहेकडं जायचा आणि झोपायचा. अ‍ॅशफँगमध्ये ठसे नाहीत, जेवण नाही. राक्षस थेट अंगावर येतो. त्याचा वार नेमक्या क्षणी अडवायचा. अडवला की सगळा पडदा पांढरा लखलखतो आणि तेवढ्यात त्याला मारायचं. मला तो लखलखाट आवडायचा. तिचं म्हणणं होतं की अ‍ॅशफँगमध्ये शिकार नाहीच, नुसती मारामारी आहे. माझं म्हणणं होतं की ग्रिमहॉर्न म्हणजे बंदूक घेऊन केलेली गुराख्याची नोकरी.

या भांडणामुळंच आम्हाला काम मिळालं होतं. पुण्याचा जयदीप नावाचा मुलगा गेमवर मराठीत वेबसाइट चालवायचा. त्यानं सांगितलं, तुम्ही दोघं दोन्ही गेमची तुलना लिहा. पण आधी एकमेकांचा गेम तासभर तरी खेळा, आणि ते बोलणं रेकॉर्ड करा. आदल्या रविवारी मी ग्रिमहॉर्न खेळलो होतो आणि एका रानडुकराएवढ्या राक्षसानं मला तीनदा मारलं होतं. आज तिची पाळी होती.

चाळीस मिनिटं ती बरी खेळली. मग सातव्या राक्षसाशी गाठ पडली. तो विजेचा आहे, लागोपाठ वार करतो. मी तिला मोजून सांगत होतो, एक, दोन, आता अडव. तिनं पाच वार अडवले.

‘‘थांब जरा,’’ ती म्हणाली. ‘‘हे फार...’’

मग आवाज आला. किंकाळी नव्हती ती. छातीतला सगळा वारा कुणीतरी घशातून ओढून काढावा तसा एक लांब, जाड आवाज. तो तिचा आहे हे मला कळायलाच वेळ लागला. खुर्ची पडली. काहीतरी लाकडावर जोरात आपटलं. आणि त्यानंतर एका लयीत ठक, ठक, ठक सुरू झालं.

मी तिला हाक मारली. ‘घोरपड’ अशीच मारली, कारण दुसरं नावच नव्हतं. राक्षस गुरगुरत होता, विजा कडाडत होत्या, ठकठक चालू होती. थोड्या वेळानं तिचा शिकारी मेला असावा. कारण गेम आपोआप छावणीत परतला आणि छावणीतलं बासरीचं संगीत वाजू लागलं. मरून परत आल्यावर खेळणाऱ्याला बरं वाटावं म्हणून ते तिथं असतं. त्या बासरीत ठकठक चालूच होती. घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

ठकठक थांबली तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग श्वास ऐकू यायला लागला. ओला, घोरल्यासारखा, अडखळत येणारा. एक श्वास, मग काहीच नाही, मग पुन्हा एक. ती बहुतेक उताणी पडली होती आणि तोंडात लाळ नाहीतर रक्त साठत होतं. औषधांच्या दुकानात बसणाऱ्याला एवढं कळतं. अशा माणसाला कुशीवर वळवायचं असतं. ते करायला दोन हात लागतात आणि चार सेकंद. माझे हात चिपळुणात होते.

मी एकशेआठला फोन लावला. बाईंनी शांतपणे विचारलं, पत्ता सांगा. मी म्हटलं, पत्ता माहीत नाही. मग गाव सांगा. गावही माहीत नाही. पेशंट तुमचे कोण, नाव काय? मैत्रीण आहे, म्हटलं, नाव माहीत नाही. त्या म्हणाल्या, पत्ता मिळाला की लगेच करा, गाडी पाठवते. त्यांचं काही चुकलं नाही. जयदीपला विचारलं, तर त्याच्याकडं तिचा फक्त ईमेल होता.

तिच्या घरचे कुठं होते? सुरुवातीला ती म्हणाली होती, आई-बाबा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेत, संध्याकाळी येतील, तोवर आरडाओरडा करायला मोकळी आहे.

आम्ही गेमच्या चॅटवरच बोलायचो, तिथं नंबर दिसत नसे. तिथं तिनं पाठवलेलं सगळं मी फोनमध्ये शोधायला लागलो. दोन वर्षांत तिनं स्वतःचा एकही फोटो पाठवला नव्हता. राक्षसांचे फोटो, शिंगांचे, हत्यारांचे. शेवटी एक सापडला. नवा कंट्रोलर घेतला तेव्हा तिनं तो खिडकीत ठेवून फोटो काढला होता. कंट्रोलरच्या मागं खिडकीचे गज आणि गजांपलीकडं रस्त्यावरच्या समोरच्या दुकानाची पाटी. मी फोटो मोठा केला. ‘इलेक्ट्रिकल्स, मोटार रिवायंडिंग’ एवढं वाचता येत होतं. गावाचं नाव झाडामागं होतं. खाली मोबाइल नंबर होता. नऊ आकडे स्पष्ट दिसत होते. दहावा गजामागं होता.

एका कानावर हेडफोन ठेवला, दुसऱ्या कानाला मोबाइल लावला, आणि शून्यापासून सुरुवात केली.

शून्यवाला बंद होता. एकवर एका बाईनं कोण बोलतंय, कोण बोलतंय असं तीनदा विचारलं. त्या नागपूरच्या होत्या. दोनचा नंबर अस्तित्वात नव्हता. तीनवर एक ट्रकवाला होता, त्याला माझं काही ऐकूच येईना. डाव्या कानात श्वास चालू होता. दोन श्वासांमधलं अंतर मी मोजत होतो. चार. पाच. एकदा नऊपर्यंत मोजलं आणि दहा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चारवर एका म्हाताऱ्यानं मला त्यांचा पुतण्या समजून बोलायला सुरुवात केली. मी फोन कापला. पाचवर घंटी वाजत राहिली, कुणी उचललाच नाही. हाच तो नंबर असणार, रविवारी दुकान बंद असणार, फोन गल्ल्यात पडला असणार, असं मनात आलं. तरी सहा लावला. तो व्यस्त होता. सात लावला.

‘‘बोला,’’ एका माणसाचा आवाज आला.

तुमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे का, मी विचारलं. आहे म्हणाले. समोर पिठाची गिरणी आहे का? आहे. गिरणीच्या वर कुणी राहतं का?

‘‘कुलथेसाहेब राहतात. कोण बोलतंय?’’

‘‘त्यांच्या घरी मुलगी आहे का? ती बेशुद्ध पडलीय. आत्ता. घरात एकटी आहे.’’

तुम्हाला कसं माहीत, असं ते विचारतील आणि मला कॉम्प्युटर, हेडफोन, राक्षस हे सगळं समजावून सांगावं लागेल, याची मला भीती वाटली. पण त्यांनी विचारलं नाही.

‘‘मी दोन गल्ल्या पलीकडं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘फोन कापू नका.’’

त्यांचं नाव बशीरभाई. ते मला नंतर कळलं. तेव्हा फक्त त्यांच्या चपला ऐकू येत होत्या आणि धाप. पन्नाशी उलटलेला माणूस पळत होता. उजव्या कानात त्यांची धाप, डाव्या कानात तिचा श्वास आणि ती बासरी. मग उजव्या कानातही घरघर सुरू झाली. आधी लांबून, मग मोठी. दोन्ही कानांत एकच गिरणी चालत होती. बशीरभाई कुणावर तरी ओरडले, बंद कर, बंद कर आधी. आणि दोन्ही कानांतली घरघर एकदम थांबली.

तोवर मी रडलो नव्हतो.

जिन्यावर पावलं वाजली. दारावरचे धक्के मला दोन्ही बाजूंनी ऐकू आले. दाराला आतून कडी होती. कुणीतरी पहार आणायला खाली गेलं. मी ओरडून सांगत होतो, तिचा श्वास अडतोय, लवकर करा. बशीरभाई म्हणाले, आणतायत, आणतायत. त्या मधल्या वेळात डाव्या कानातला श्वास थांबला. मी मोजलं. अकरा, बारा. लाकूड फुटल्याचा आवाज आला. तेरा. पंधरा.

‘‘रक्त आहे लई,’’ आतून कुणीतरी म्हणालं.

‘‘कुशीवर वळवा,’’ मी बशीरभाईंना सांगितलं. ‘‘तोंड खाली करा. तोंडात बोट घालू नका, चमचा घालू नका.’’ मागं कुणीतरी कांदा फोडून आणा म्हणत होतं. कांदा नको, पाणीही नको, नुसतं वळवा, मी म्हटलं. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे पुढं सांगितले. मग डाव्या कानात एक लांब, खरखरीत श्वास आत गेला.

‘‘प्रणोती,’’ बशीरभाई हाका मारत होते. ‘‘ए प्रणोती, बेटा.’’

तेव्हा मला तिचं नाव कळलं. तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. कोणतं गाव, मी विचारलं. परळी, ते म्हणाले, आणि तिला खाली न्यायचंय म्हणून फोन ठेवला. खोलीतल्या कुणीतरी कॉम्प्युटरची वायर ओढली असावी. बासरी बंद पडली.

आता खरी भीती सुरू झाली. करायला काहीच उरलं नव्हतं. मामी चहाला हाका मारून गेली. मी दार लावून पलंगावर बसलो. मग मोबाइल उघडला आणि गुरुवारचे मेसेज काढले.

गुरुवारी तिनं लिहिलं होतं, अ‍ॅशफँग मी खेळले नाही तर चालेल का? तू खेळ, मी नुसती बघून लिहिते. मी विचारलं, का? तिनं लिहिलं, मला फिट येतात. खूप लखलखाट झाला की येऊ शकते, डॉक्टरांनी सांभाळायला सांगितलंय. गोळी चालू आहे. आणि तिनं गोळीचं नावही लिहिलं होतं. ती गोळी मी दुकानात रोज विकत होतो. ती कुणाला देतात, का देतात, सगळं मला पाठ होतं.

मी उत्तर दिलं होतं, ‘हरायची वेळ आली की सगळ्यांना डॉक्टर आठवतात.’ पुढं हसरा चेहरा. मग तिनं लिहिलं होतं, ‘ठीक आहे. रविवारी अडीचला.’

ते सगळे मेसेज मी एकेक करून खोडले. जयदीपला आमचं बोलणं रेकॉर्ड करून द्यायचं होतं, ती फाइलही खोडली. ती जिवंत आहे की नाही हे कळण्याआधी मी हे केलं.

सातच्या सुमारास बशीरभाईंचा फोन आला. डोक्याला सात टाके पडले होते, रिक्षात आणखी दोन झटके आले होते, तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. दिगंबर कुलथे. पोरगी डोळे उघडतेय, म्हणाले. मग म्हणाले, तुम्ही देवासारखे धावून आलात. मी म्हणालो, मी कुठं आलो, मी इथंच आहे. तर म्हणाले, मग या एकदा. तिलाही बरं वाटेल.

मी गेलो. बुधवारी पुण्यामार्गे अंबाजोगाईला पोचायला अठरा तास लागले. सबंध रस्ताभर एकच विचार डोक्यात होता. माझ्या फोनमधले मेसेज मी खोडले होते, तिच्या फोनमध्ये ते तसेच होते.

वॉर्डात ती खिडकीशी होती. मी आवाजावरून उंच, दांडग्या मुलीची कल्पना केली होती. ती एवढीशी होती, डोक्याला पट्टी, ओठ सुजलेला. जीभ चावली गेल्यानं तिला धड बोलता येत नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘फुरसं एवढं उंच असतं?’’ आई हसली. वडील डोळे पुसत बाहेर गेले. आईसमोर आम्हाला काही बोलता आलं नाही. तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि मान किंचित हलवली. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, ती बसायला सांगतेय.

वडील मला खाली चहाला घेऊन गेले. औष्णिक वीज केंद्रातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. म्हणाले, गोळी चुकली होती तिची, दोन दिवस. तिनंच सांगितलं. तो रोजचा शिकारीचा खेळ खेळत होती, तो तर डॉक्टरांना दाखवून घेतलेला आहे, त्यानं काही होत नाही. चूक गोळीची. आता मी स्वतः हातावर ठेवत जाईन.

मी सुटलो होतो. तिनं माझं नाव कुठंच घेतलं नव्हतं. चहा प्यायचा, नमस्कार करायचा आणि बस धरायची, एवढंच करायचं होतं.

पण तिचा फोन वडिलांच्याच खिशात होता. बोलता बोलता त्यांनी तो काढून टपरीच्या फळीवर ठेवला. आज नाहीतर उद्या ते तो उघडतील, वाचतील, आणि मग मी कुठंही असलो तरी हा माणूस माझ्याबद्दल काय म्हणेल, हे मला दिसायला लागलं. आजवर मी लोकांना सांगत आलो की माझ्या मनाला राहवलं नाही. ते खरं नाही. मला पकडलं जायची भीती वाटली, म्हणून मी आधी सांगून टाकलं.

‘‘गोळी चुकली नव्हती,’’ मी म्हटलं. ‘‘ती दुसरा गेम खेळत होती. लखलखाटाचा. माझा. तिनं मला सांगितलं होतं की तिला चालत नाही. मी तिची थट्टा केली.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पेला फळीवर ठेवला, शेजारचा फोन उचलून खिशात घातला आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत गेले. मी तिथंच उभा राहिलो. अर्ध्या तासानं तिची आई खाली आली. तिच्या हातात माझी पिशवी होती, मी पलंगाखाली ठेवलेली. ती तिनं माझ्याकडं दिली.

‘‘तुमची बस किती वाजता आहे?’’ तिनं विचारलं.

तीन आठवड्यांनी प्रणोतीचा मेसेज आला, आईच्या फोनवरून. मोठा नव्हता. बाबांनी कॉम्प्युटर विकला, तिनं लिहिलं होतं. ग्रिमहॉर्नसुद्धा गेला. मला एकटीला बाजारातही जाऊ देत नाहीत, तुला माहीत नसेल. मी चौथीनंतर सहलीला गेले नाही, कुणाच्या लग्नाला जात नाही, जिने उतरताना आई हात धरते. त्या जंगलात मी एकटी फिरायचे. नद्या ओलांडायचे. तुला तिथं खिडकीशी मान हलवून नको म्हटलं होतं.

आणि खाली वेगळी ओळ होती. ‘मी खोटं तुझ्यासाठी बोलले नव्हते.’

मी त्या नंबरवर फोन केला, तर आईनं उचलला आणि ठेवला. पुन्हा केला नाही.

याला नऊ वर्षं झाली. बशीरभाई अजून ईदला फोन करतात. मी दिवाळीला करतो. मुलांचं विचारतो, दुकानाचं विचारतो. शेवटी प्रणोती कशी आहे, असं विचारतो. बरी आहे, ते म्हणतात, गिरणीच्या वरच असते. मग ते थोडं थांबतात, मी पुढं काही विचारेन म्हणून. मला अजून विचारायची भीती वाटते.